दुसरं इंजिन

इंजिन हे गाडीचं काळीज असतं आणि काळीज बदलायचा निर्णय माणसानं थंड डोक्यानं, चार जाणत्यांना विचारून घ्यावा, असं मिस्त्री गॅरेजच्या दारात बसून गंभीरपणे सांगत असे. काळीज बदलायला त्याला तीन दिवस लागत आणि त्यातला एक चहा पिण्यात जाई. हवालदारानं आपल्या पिकअपचं काळीज बदलायचा निर्णय, साडूच्या नव्या गाडीतली सीट मागे जाते हे कळल्यावर अर्ध्या तासात घेतला.

हवालदार पोलिसात कधीच नव्हता. एकदा बाजारात खाकी शर्ट स्वस्त मिळाले म्हणून त्यानं एकदम सहा घेतले होते, तेव्हापासून गाव त्याला हवालदार म्हणू लागलं. शर्ट चांगले निघाले. बारा वर्षांत एकच फाटला. त्याच्या चिंध्या करून त्यानं गाडीत ठेवल्या. एक काच पुसायला, एक हात पुसायला, आणि एक डिझेलच्या टाकीच्या तोंडात बोळा म्हणून. कारण टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी पुलावरच्या खड्ड्यात कुठंतरी उडालं होतं. झाकणापेक्षा बोळा बरा, असं त्याचं म्हणणं होतं. झाकणाला किल्ली लागते.

त्याचं काम भाजी वाहायचं. पूल ओलांडला की कालव्याच्या कडेनं रस्ता जाई. रस्त्याला लागून अकरा शेतं होती, ती हवालदाराची गिऱ्हाइकं. कालव्यापलीकडे आणखी दहा, ती साडूची. तिथली माणसं फळीवरून कालवा ओलांडून क्रेट रस्त्यावर आणत. शेतं संपली की चढण, आणि चढण संपली की बाजार. पालेभाजी उन्हात अर्धा तास ठेवली तर मान टाकते, म्हणून कुणीही क्रेट आधी बाहेर काढून ठेवत नसे. ओल्या पोत्याखाली, छपरात ठेवत आणि गाडीचा आवाज पुलावर आला की उचलत. पूल ते पहिलं शेत, सात मिनिटं. तेवढ्यात डोक्यावर क्रेट घेऊन बाई रस्त्यावर पोचायची.

हवालदाराच्या गाडीचा हॉर्न सहा वर्षं बंद होता. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिचा आवाजच तसा होता, लोखंडी बादलीत दगड घालून कुणी हलवावी तसा. साडूच्या जुन्या गाडीचा वेगळा. जाड, घशातला, आणि सुरू होताना ती दोनदा खोकायची. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, पण शेतावरच्या माणसांनी कधी चूक केली नाही. खोकला ऐकला की पलीकडची माणसं उठत, बादली ऐकली की अलीकडची.

आणि मग साडूनं नवी गाडी घेतली.

पांढरी होती. सीटवरचं प्लॅस्टिक त्यानं काढलं नव्हतं. आवाज म्हणून काही नव्हताच, त्यामुळे बिचाऱ्याला प्रत्येक शेतापाशी हॉर्न मारावा लागे. हॉर्न चार सुरांत वाजायचा. हवालदाराला मत्सर वगैरे वाटला नाही. त्याला फक्त ते चार सूर ऐकू आले की घास खाली उतरत नसे.

गाडी बघायला या, असा निरोप मेव्हणीनं तीनदा पाठवल्यावर हवालदार बायकोला घेऊन गेला. साडूनं नव्या गाडीची दोन्ही दारं उघडून दाखवली. मागचं फळकुटही पाडून दाखवलं. हवालदारानं टायरला लाथ मारून बघितली. दुसरं काय बघायचं ते त्याला सुचलं नाही.

"साडूभाऊ, जुनी गाडी भंगारवाल्याला देतोय," साडू म्हणाला. जुनी गाडी गोठ्याशेजारी उभी होती, तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. "पत्रा पार गेलाय. पण इंजिन ठणठणीत आहे. काढून घ्या तुम्ही. पैसेबिसे काही नकोत. आरसे घ्या, जॅक घ्या, टाकीचं झाकण घ्या. किल्लीसकट आहे."

"कशाला? आमच्याला काय झालंय?"

"झालं काही नाही हो. वय झालं."

"वय माझंही झालंय. मलाही बदलताय का?"

"तुमचे सुटे भाग कुठं मिळायचे, दाजी?" मेव्हणी म्हणाली. सगळे हसले. हवालदाराची बायको जरा जास्त वेळ हसली.

"आमचं इंजिन अजून दहा वर्षं हलत नाही," हवालदार म्हणाला.

ते खरं होतं. चढणीवर ते अजिबात हलत नसे.

रिकामी गाडी चढण चढून जायची. माल भरलेला असला की निम्म्यावर, वळणाच्या दगडापाशी, ती दोन आचके देऊन बंद पडायची. मग हवालदार बॉनेट उघडायचा, पाण्याची बाटली ओतायचा आणि दहा मिनिटं रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. दहा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशा आवाजात सुरू व्हायची. गरम होते, असं हवालदाराचं निदान होतं. मिस्त्रीचंही तेच होतं, कारण हवालदारानंच त्याला ते सांगितलं होतं.

त्या दिवशी बायको सोबत होती. स्वयंपाकघराचे पत्रे गंजून चाळण झाले होते, पावसाला महिना होता, म्हणून ती बाजारात पत्रे बघायला निघाली होती. बेचाळीस क्रेट मागे. पालक वर, टोमॅटो खाली. वळणाच्या दगडापाशी गाडीनं दोन आचके दिले.

बायकोला काही सांगावं लागलं नाही. तिच्या पायाशी एक दगड कायम असे, नारळाएवढा. तो उचलून ती खाली उतरली आणि मागच्या चाकाला लावला. वाकून उठताना तिनं कमरेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. सकाळचे नऊ वाजले होते आणि डांबर मऊ व्हायला लागलं होतं. पालकावरच्या पोत्याचं पाणी सुकत होतं. हवालदारानं बॉनेट उघडलं, तोंडावर वाफ घेतली, खाकी चिंधीनं हात पुसले.

मागून चार सूर वाजले.

साडूची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. बंद आहे की चालू, हेही कळत नव्हतं.

"परत तेच का?" साडूनं विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि हवालदाराला तेच जास्त लागलं.

"गरम झालीय. दहा मिनिटं."

"दोरी लावू?"

"नको म्हटलं ना."

"बरं, मग ताईंना तरी पुढे नेतो. उन्हात कशाला उभ्या? ताई, बसा. आणि वरचा पालकही द्या इकडे, सुकेल."

बायकोनं हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं इंजिनकडे बघितलं. ती दगडाकडे एकदा बघून साडूच्या गाडीत जाऊन बसली. पालकाचे अकरा क्रेट हवालदारानं स्वतःच्या हातांनी इकडून तिकडे चढवले. शेवटचा क्रेट चढवताना नव्या फळकुटाच्या कडेनं त्याचं मधलं बोट चेपलं. ते त्यानं तोंडात धरलं, तेवढ्यात चार सूर वाजवून गाडी निघून गेली.

संध्याकाळी बायको परत आली, ती पत्र्यांबद्दल बोलेल असं त्याला वाटलं होतं.

"सीट मागे जाते," ती म्हणाली.

"कुठं?"

"मागे. खाली एक कडी आहे. ओढली की सीट सरकते. पाय लांब करता येतात."

"पाय लांब करून गाडी कोण चालवतं?"

"मी कुठं चालवत होते? मी बसले होते." चुलीपुढे बसून ती घोटे चोळत होती. "चढणीवर डोळा लागला माझा. बाजार आला तेव्हा त्यांनी हाक मारली."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्याच्या गाडीत तिचा कधी डोळा लागला नव्हता. लागणं शक्यच नव्हतं. सीटच्या मागे बॅटरी होती, पायाशी दगड होता आणि कानाशी बादली. पण हा विचार त्यानं तसा केला नाही. चढणीवर, आपण जिथं बॉनेट उघडून उभे राहतो तिथून, ही दुसऱ्याच्या गाडीत पाय लांब करून झोपून गेली, एवढंच त्याला दिसत राहिलं. अर्ध्या तासानं तो म्हणाला,

"इंजिन बदलतो."

"कशातून?"

त्यानं पिठाच्या डब्यामागच्या डब्याकडे बघितलं. त्यात पत्र्यांचे पैसे होते.

"पत्रे पुढच्या वर्षी घालू," तो म्हणाला.

"पाऊस यंदा येतोय."

"गाडी चालली तर पत्रे येतील. गाडी चढणीवर बसली तर अकराच्या अकरा शेतं साडूकडं जातील. आज पालक गेला, उद्या सगळं जाईल. आणि तू खुशाल झोपलीस."

"झोपले म्हणून इंजिन बदलताय?"

"म्हणून नाही."

बायकोनं डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. आपटला नाही, ठेवला. "घ्या. पण स्वयंपाकघरात बादली लागली की ती तुम्ही रिकामी करायची. मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी हवालदार मिस्त्रीपुढे बसला. मिस्त्री काळ्या लाकडी पेटीवर बसायचा. गिऱ्हाइकाला टायरवर बसवायचा, त्यामुळे गिऱ्हाईक नेहमी खाली असे.

"रिंगा बदलू," मिस्त्री म्हणाला. "बेअरिंग बघू. धूर कमी होईल. आठ दिवस द्या."

"आठ दिवस नाही जमायचं. आठ दिवसांत शेतं जातील."

"मग दुसरं टाकू. जुन्या बाजारातून चांगलं बघून आणतो. तीन दिवस. पण तुमचं इतकंही वाईट नाही हो."

"टाका दुसरं."

"कसलं बघू?"

खरं तर या प्रश्नाला काही मापं असतात, आकडे असतात. हवालदार म्हणाला, "आवाज असा पाहिजे, की साडूनं ऐकून मान वळवली पाहिजे."

मिस्त्रीनं थोडा विचार केला. "मिळेल," तो म्हणाला.

ते तीन दिवस फेरी साडूनं केली. "घरचंच आहे, परकेपणा कसला," असं तो दारात येऊन सांगून गेला. हवालदार बायकोबरोबर मागच्या तुकड्यात कांदा काढायला बसला. दहा वर्षांत तो इतका वेळ उकिडवा बसला नव्हता. तासाभरात त्याच्या गुडघ्यांतून आवाज यायला लागला. बायको एक वाफा पुढे होती. दर थोड्या वेळानं लांबून चार सूर ऐकू यायचे आणि हवालदार मोजायचा. पहिलं शेत. दुसरं. तिसऱ्याला जरा जास्तच थांबला.

"काय बोलत असेल एवढं?" तो म्हणाला.

"कोण?"

"काही नाही."

"पावती देतात ते," बायको मान वर न करता म्हणाली. "छापलेलं पुस्तक केलंय. क्रेट किती, कुणाचे, सगळं लिहून देतात."

"मला तोंडपाठ असतं."

"हो ना. त्यांना नसतं, म्हणून लिहितात." यात टोमणा होता की नव्हता, हे हवालदाराला पुढचा अख्खा वाफा संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी मिळाली. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. इंजिन जाग आल्यासारखं सुरू झालं आणि घरघर करत एका लयीत चालू लागलं. धूर नाही, बादली नाही. हवालदारानं बॉनेटवर हात ठेवला. थरथर तळव्यातून कोपरापर्यंत आली, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं. जुनं इंजिन कोपऱ्यात तेलाच्या थारोळ्यात पडलं होतं. त्याच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"ह्याचं काय करू?" मिस्त्रीनं विचारलं.

"भंगारात घाला."

गाडी घेऊन तो थेट पुलावर आला. मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये आला. सात मिनिटांनी पहिल्या शेतापाशी पोचला तेव्हा रस्त्यावर क्रेट होते, पण ते उचलून उभी असलेली माणसं कालव्यापलीकडची होती. फळीवरून आणखी दोघी झपाझप येत होत्या.

"अगं बाई, हवालदार!" त्यातली एक म्हणाली. "आम्हाला वाटलं पाहुणे आले."

"कोण पाहुणे?"

"तुमचे साडू हो. जुनी गाडी परत काढली की काय, म्हटलं." तिनं क्रेट परत डोक्यावर घेतला. बाकीच्याही वळल्या. फळी एकेकीच्या पावलाखाली वाकत गेली.

अलीकडच्या पहिल्या शेतावर कुणी बाहेर आलं नव्हतं. हवालदारानं सवयीनं हॉर्न दाबला. तो सहा वर्षं बंद होता. शेवटी उतरून, बांध ओलांडून तो छपरात गेला. पहिल्या शेताची म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. ओलं पोतं जागच्या जागी होतं.

"आजी, चला की. गाडी आलीय."

"तुझी? कधी?"

"आत्ता. आवाज आला नाही?"

"आला ना. तो तुझ्या साडूचा." म्हातारीनं गवताच्या काडीला पीळ देऊन जुडी बाजूला ठेवली. "त्याचं जुनं इंजिन. सुरू करताना दोनदा खोकलं असेल बघ."

हवालदारानं रस्त्यावर येऊन गाडी बंद केली. आजूबाजूला कुणी नाही बघून परत सुरू केली.

ती दोनदा खोकली.

सकाळी गॅरेजमध्येही ती खोकली असणार, पण तेव्हा हवालदार फक्त बादली वाजते का तेवढंच ऐकत होता. मिस्त्रीनं फसवलं, असं म्हणता येणार नाही. अकरा शेतं हाका मारत फिरून, निम्मा सुकलेला माल बाजारात टाकून हवालदार दुपारी गॅरेजवर आला तेव्हा मिस्त्री चहा पीत होता.

"हे इंजिन कुणाचं?"

"तुमचं."

"आधी कुणाचं होतं?"

"आधीचं तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही आवाज विचारला होता." मिस्त्रीनं कपातला तळ टायरजवळ ओतला. "भंगारवाल्याकडे चार होती. हे सगळ्यांत चांगलं होतं. तुमचे साडू गाडी जपतात."

"काढा ते. माझं जुनं परत घाला."

"ते गेलं."

"भंगारात?"

"नाही. भंगारात घालणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं." मिस्त्रीनं डोळे बारीक करून रस्त्याकडे बघितलं. "विहिरीवर बसवायला पाहिजे होतं त्यांना. तुमच्या साडूंना."

हवालदार टायरवर बसला.

बायकोला हे सांगायचं नाही, असं त्यानं घरी येता येता ठरवलं होतं. घरी आला तेव्हा मेव्हणी ओट्यावर बसून चहा पीत होती, म्हणजे सांगायचं काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, कारण तिला नीट समजून घ्यायचं होतं, "धाकटीचे हे जे फुकट काढून न्या म्हणत होते, तेच तुम्ही विकत आणलंत?"

"तेच म्हणजे... कंपनी एकच आहे ना."

"पत्र्यांच्या पैशातून?"

"दाजी, निदान झाकण तरी घ्यायचं होतं तेव्हा," मेव्हणी म्हणाली. हसू दाबताना तिच्या बशीतला चहा हिंदकळला.

हवालदार मागच्या दारानं बाहेर गेला आणि कांद्याच्या मोकळ्या वाफ्यात उभा राहिला. तिथं उभं राहून करायचं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं एक ढेकूळ पायानं फोडलं.

दुसरा दिवसही हाका मारण्यातच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी काढायच्या आधीच पुलाकडून आवाज आला. लोखंडी बादलीत दगड. हवालदार दात घासता घासता थांबला. आपली गाडी आपल्या दारात उभी आहे आणि आपली गाडी पुलावर चालली आहे, हे दोन्ही एका वेळी खरं असल्यासारखं त्याला वाटलं. तो तोंडही न धुता गाडी घेऊन निघाला.

साडूची विहीर पुलाला लागून होती. तिथं चार विटांवर, नव्या निळ्या रंगात, त्याचं इंजिन उभं होतं आणि पंप ओढत होतं. पाणी मांडीएवढ्या धारेनं पाटात पडत होतं. पुढे रस्त्याला, पहिल्यापासून अकराव्या शेतापर्यंत, झाडून सगळी अलीकडची माणसं क्रेट घेऊन उन्हात उभी होती.

साडू पाटाची माती ओढत होता. फावडं टाकून तो आला. पण हवालदाराशी बोलायच्या आधी त्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मान तिरकी करून ऐकलं.

"छान बोलतंय," तो म्हणाला. "साडूभाऊ, ह्याला सकाळी घाई करायची नाही बरं का. दोनदा खोकू द्यायचं, मग गिअर. आणि पावसात जरा रुसतं. तेव्हा रागवायचं नाही."

"मला शिकवू नका."

"शिकवत नाही हो. जीव अडकलेला असतो माणसाचा." त्यानं हात काढला. "तुमचंही चांगलंय. मिस्त्रीनं रिंगा तेवढ्या बदलल्या. बाहेर काढलेलं होतं, म्हणून दोन दिवसांत झालं. काय ताकद आहे! खरं सांगू? मला पहिल्यापासून तुमचंच पाहिजे होतं. आमच्या घरात रोज ऐकवतात, दाजींची गाडी पुलावर आली की लोक आपोआप बाहेर येतात, तुम्हाला बघा, हॉर्न वाजवावा लागतो."

हवालदारानं त्याच्याकडे बघितलं. पांढऱ्या गाडीचा मालक, पावतीपुस्तकवाला, आणि हाही आपल्यावर जळत होता. एवढी चांगली बातमी त्याला वर्षभरात मिळाली नव्हती. दुःख एवढंच, की ज्या गोष्टीवर साडू जळत होता ती आता साडूच्याच विहिरीवर होती.

"आता तुमच्या लोकांचं काय करायचं?" साडू म्हणाला. "मी पंप लावला की ते बाहेर येतात. भाजी सुकते. मी उचलली तर तुम्हाला वाटेल मी शेतं पळवतोय."

"मग लावू नका पंप."

"पाणी द्यायला नको? असं करू. मी रोज बरोबर सातला पंप लावतो. तुम्ही सातला पूल ओलांडा. म्हणजे त्यांच्या ओळखीचा आवाज तिकडून आणि तुम्ही इकडून. आणि दहा मिनिटांत तुम्ही आला नाहीत, तर माल वाया कशाला घालवायचा? मग मी उचलेन."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. हवालदारानं खूप शोधलं.

आठ दिवस ते तसं चाललं. सहा पन्नासला हवालदार पुलाच्या अलीकडे गाडी लावून बसायचा. सातला साडू दोरी ओढायचा, आणि हवालदाराचं इंजिन वाजायला लागलं की हवालदार साडूचं इंजिन घेऊन निघायचा. शेतावरची माणसं बादली ऐकून यायची आणि खोकणाऱ्या गाडीत माल चढवायची. पलीकडची माणसं दोनतीनदा फसली, मग तीही सरावली. म्हातारी एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघं अंगरखे बदलून घातल्यासारखे दिसता."

साडूला एक दिवस ताप आला आणि पंप लागला नाही. हवालदार साडेसातपर्यंत पुलाअलीकडे बसून राहिला. शेवटी मेव्हणी तरातरा आली, दोरी ओढली आणि म्हणाली, "जा दाजी, वाजवलं तुमचं."

मध्येच एकदा वळीव येऊन गेला. स्वयंपाकघरात तीन ठिकाणी गळलं. हवालदारानं एक बादली आणि एक पातेलं रिकामं केलं. बायको बघत उभी होती. तिसरी धार पिठाच्या डब्यामागच्या रिकाम्या डब्यात पडत होती. तो डबा त्यानं तिथून हलवला नाही.

नवव्या दिवशी बायको परत त्याच्याबरोबर निघाली. बाजारात जुने पत्रे मिळतात का बघते, म्हणाली. दगड तिच्या पायाशीच होता, तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस सगळे कांदा काढण्यात होते, त्यामुळे माल कमी होता. आज सगळ्यांनीच भरून दिला. अठ्ठेचाळीस क्रेट झाले. चढण लागली. इंजिन घशातल्या घशात, न दमता ओढत होतं. हवालदारानं बायकोकडे चोरून बघितलं. तिचे डोळे मिटायला आले होते. त्यानं श्वास रोखून गिअर हलक्या हातानं बदलला.

वळणाच्या दगडापाशी गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

बायकोनं डोळे उघडले. दगड उचलला, खाली उतरली, मागच्या चाकाला लावला.

दहा मिनिटं गेली. हवालदारानं बॉनेट उघडलं नाही. बॉनेट थंड होतं. किल्ली फिरवली तर गाडी दोनदा खोकून सुरू झाली, काही झालंच नाही अशी. हवालदार चढून गेला, माल टाकला आणि तशीच गाडी मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली. बायको गाडीतून उतरली नाही.

मिस्त्री या वेळी पेटीवरून उठला. इंजिन बघून झालं. मग त्यानं डिझेलची नळी सोडवली, तोंडात धरून फुंकली, थुंकला, परत फुंकली. मग टाकीचं डिझेल पत्र्याच्या डब्यात उतरवलं, टाकीच्या तोंडातला खाकी बोळा काढून बाजूला ठेवला, तारेला आकडा करून आत घातला आणि बराच वेळ, मासा लागल्यासारखा, हात हलवत बसला.

आकड्याला लागून एक काळपट कापड आलं, तळहाताएवढं. नळीच्या तोंडाशी बसलेल्या ठिकाणी त्याला गोल खळगा पडला होता.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

बायको गाडीतून उतरली आणि जवळ येऊन तिनं ते बोटांनी उलगडलं. त्याला बटण होतं.

"खिसा," ती म्हणाली. "फाटलेल्या शर्टाचा. डावा."

"बोळ्यापासून सुटून टाकीत पडला असणार," मिस्त्री म्हणाला. "माल भरून चढण आली की इंजिन जोरात डिझेल ओढतं, खिसा जाऊन नळीला चिकटतो. गाडी बंद पडते. ओढ थांबली की सुटतो. दहा मिनिटांनी परत सुरू."

"म्हणजे जुन्या इंजिनला..." हवालदार म्हणाला आणि थांबला.

"काही नव्हतं तसं. विहिरीवर बघा ना कसं चालतंय. तिथं टाकी वेगळी आहे." मिस्त्रीनं हात पुसायला काहीतरी शोधलं, खाकी बोळा दिसला, त्यालाच पुसले.

हवालदारानं बायकोकडे बघितलं. ती बटण तोडून घेत होती. चांगलं होतं ते अजून.

त्याच दिवशी टाकीला झाकण बसवलं. ते दोन चहाच्या पैशात मिळतं, किल्लीसकट.